कापगत्यांच्या सांदवाडीतला लाल दिवा

अर्जुनी मोरगावात घराला समोरचा दरवाजा कशासाठी ठेवतात, याचं समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. नवी नवरी एकदा त्यातून आत येते. निवडणुकीत उमेदवार एकदा त्यात हात जोडून उभा राहतो. कुरिअरवाला त्याच्यासमोर उभा राहून फोन लावतो. बाकी सगळं गाव येतं ते मागच्या सांदवाडीतून, म्हणजे घरामागच्या आवारातून, जिथे विहीर, शेवग्याचं झाड, वाळत घातलेली लुगडी आणि कुणाच्या आहेत हे नक्की नसलेल्या कोंबड्या असतात. मागचं फाटक ढकलायचं, "हाव का घरी?" असं ओरडायचं आणि स्वयंपाकघरातून थेट समोरच्या खोलीपर्यंत चालत यायचं, अशी रीत. उत्तराची वाट कुणी पाहत नाही, कारण माणूस घरी असला तर दिसेलच.

या रीतीत वाईट काही नव्हतं. कापगत्यांच्या घरी मात्र तिच्यापायी दोनदा रक्त निघालं.

ईश्वरदास कापगते पाटबंधारे खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांची सून दुर्गेश्वरी जन्मापासून बहिरी, दहावी पास, आणि ब्लाउज असा शिवायची की एकदा शिवून नेलेली बाई दुसऱ्या टेलरचं नाव काढत नसे. तिचं मोटर लावलेलं मशीन समोरच्या खोलीत खिडकीला तोंड करून ठेवलेलं होतं, कारण उजेड तिथेच होता. म्हणजे तिची पाठ घराकडे आणि सगळं गाव पाठीमागून येणार. आलेली बाई आधी दारातून हाक मारी, मग जवळून हाक मारी, मग आपली चूक लक्षात येऊन प्रेमाने तिच्या खांद्यावर थाप मारी. मशीन चालू असताना अशी थाप बसली की कापड सरकत नाही, बोट सरकतं. पहिल्यांदा सुई तर्जनीत गेली. दुसऱ्यांदा शेजारच्या पुष्पाबाई कढीपत्ता मागायला आल्या आणि सुई त्याच तर्जनीत, नखातून आरपार गेली.

त्या संध्याकाळी बिरसीहून तिच्या नवऱ्याचा, हेमेंद्रचा व्हिडिओ कॉल आला. तो तिकडे विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत स्टोअर सांभाळायचा आणि पंधरा दिवसांतून एकदा गाडीने घरी यायचा. आधी तो बायकोशी हातांनी बोलला, मग बापाशी तोंडाने.

"बाबा, आता एक डाव अजून असं झालं ना, त मी मशीन इकून टाकतो अन् तिले इकडंच घेऊन येतो. बोट गेल्यावर का करू?"

दुर्गेश्वरीने फोन ओढून घेतला आणि पट्टी बांधलेल्या बोटासकट एवढ्या वेगाने हात चालवले की ईश्वरदासांना एकच गोष्ट समजली, ती नाही म्हणत होती. बिरसीला एक खोली होती. तिथे दिवसभर भिंतीकडे पाहत बसायचं, आणि इथे मशीनवर बसली की अर्धा मोहल्ला तिच्यापुढे कापड धरून उभा राहायचा. मशीन गेलं तर तिचं काय जाणार होतं हे ईश्वरदासांना पक्कं ठाऊक होतं. सुनेवर त्यांचा जीव होता.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी फाइल उघडली. फाइलवर लिहिलं, "विषय : ऐकू न येणाऱ्या व्यक्तीस आगंतुकाची पूर्वसूचना देणारे साधन." छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कालव्यांच्या फायली सांभाळलेल्या माणसाला स्वतःच्या घरातला पहिला प्रकल्प मिळाला होता. फाइल उघडली म्हणजे निम्मं काम झालं, अशी त्यांची नोकरीतली श्रद्धा होती. कालवे पाहिले तर ती पूर्णपणे चुकीची नव्हती.

मोटर पंप दुरुस्त करणारा योगराज बोलावला गेला. त्याने समोरच्या दरवाजाला बटन बसवलं आणि मशीनच्या वर लाल दिवा लावला. बटन दाबलं की दिवा लागे. दुर्गेश्वरीने दिवा पाहिला, बटन पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि खांदे उडवले. ईश्वरदासांनी ते कौतुक समजून फाइलमध्ये लिहिलं, "लाभार्थी समाधानी."

आठ दिवसांत ते बटन दोघांनी दाबलं. एक मीटर वाचणारा आणि दुसरा रस्ता चुकलेला कुणीतरी. बाकी सगळे सांदवाडीतून येतच राहिले.

"पुष्पाबाई, समोरून या ना," ईश्वरदास म्हणाले. "तिथं बटन लावलं हाय."

"बटन दाबून येऊ?" पुष्पाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मी का बँकेची वसुलीवाली हाव? पंचवीस वर्सं झाले या घरात येऊन राहिली मी, अन् आता तुमी मले बटन दाबाले सांगून राहिले?"

त्या चार दिवस आल्या नाहीत. त्या वेळात ईश्वरदासांनी मागच्या फाटकावर पाटी लावली, "कृपया समोरील दरवाजाने यावे." परिणाम असा झाला की एरवी दिवसाला सहा माणसं यायची ती अठरा येऊ लागली, आणि सगळी मागूनच. घरात काय झालं, हे विचारायला ती येत होती. कुणी म्हणे वाटणी झाली, कुणी म्हणे मागच्या विहिरीत साप निघाला. पुष्पाबाईंचे यजमान लीलाधर गुरुजी तर धोतराचा सोगा सावरत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ईश्वरदासजी, काही अडचन असन त सांगा. पाटी लावून लोकाईले काऊन कळवता?"

पाटी उतरली. गुरुजी मात्र हलले नाहीत. ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी आरसा सुचवला. मशीनसमोर आरसा लावायचा, म्हणजे मागून येणारा दिसेल. ही सूचना इतकी सोपी होती की ईश्वरदासांना ती आपल्याला सुचली नाही याचा राग आला. आरसा लागला. पण शिवणारी बाई सुईकडे पाहते, आरशाकडे पाहत नाही. शिवाय आरशाने खिडकीचा निम्मा उजेड खाल्ला, आणि आलेल्या बायका आरशात पदर नीट करत एवढा वेळ उभ्या राहू लागल्या की दुर्गेश्वरीनेच तिसऱ्या दिवशी आरसा काढून न्हाणीघरात टांगला.

आता ईश्वरदास गोंधळले. बटन बरोबर होतं, दिवा बरोबर होता, आरसा बरोबर होता. माणसंच चुकीच्या बाजूने येत होती. अशा वेळी शासनाकडे जावं, असं त्यांच्या आयुष्याने त्यांना शिकवलं होतं.

तालुक्याच्या त्या कचेरीचं नाव घेण्यात अर्थ नाही, अशी कचेरी सगळीकडे असते. तिथल्या बाबूने यादी काढली.

"श्रवणयंत्र हाय, तीनचाकी हाय, काठी हाय. दिवा नाही बसत यादीत."

"पण तिले दिवाच पाहिजे."

"मग 'इतर'मध्ये टाका. लेकिन एक बात हाय. अर्ज ऑनलाइन गेला का लाभार्थीले पडताळनीचा फोन येते. तिनं स्वतः उचलून हो म्हटलं पाहिजे."

"तिले ऐकू येत नाही," ईश्वरदास म्हणाले.

"तेच त लिहिलं हाय अर्जात."

"म्हनून फोन ऐकू येनार नाही."

बाबूने अर्ज पुन्हा वाचला, मग ईश्वरदासांकडे सहानुभूतीने पाहिलं. "तीनदा फोन उचलला नाही त अर्ज आपोआप बाद होते, साहेब. आमच्या हातात नाही. तुमी त खात्यातले, तुमाले मी का समजावू?"

ईश्वरदासांची खरी पंचाईत इथे झाली. एकीकडे त्यांच्या मस्तकात तिडीक गेली होती. दुसरीकडे नियमाची रचना पाहून त्यांच्यातला मुख्य लिपिक आतून दाद देत होता, कारण इतका निर्दोष नियम त्यांनाही कधी करता आला नव्हता. ते "बरं" म्हणून निघाले. ते रिकाम्या हाताने जाऊ नयेत म्हणून बाबूने त्यांना शिलकीतली एक पांढरी काठी देऊ केली. ती त्यांनी घेतली का, हे त्यांना घरी पोहोचल्यावरही नीट सांगता येईना. काठी हातात होती एवढं खरं.

"हे कायले?" बायकोने, वच्छलाबाईंनी विचारलं.

"आनली," ईश्वरदास म्हणाले.

वच्छलाबाईंनी त्या काठीने शेवग्याच्या शेंगा पाडायला सुरुवात केली. सगळ्या प्रकल्पात पहिल्यांदा एखादं साधन उपयोगी पडलं.

मग योगराजनेच तोडगा काढला. लोक मागून येतात ना, मग सूचना मागेच बसवू. त्याने दोन पत्र्यांच्या मध्ये फोमचे तुकडे घातले, वरून नवं पोतं शिवलं आणि ते स्वयंपाकघराच्या मागच्या दारात पायपोसासारखं टाकलं. पाय पडला की पत्र्याला पत्रा टेकणार आणि आत लाल दिवा लागणार. दिव्याकडे लक्ष गेलं नाही तर काय, या शंकेवर त्याने दुर्गेश्वरीच्या स्टुलाखाली जुन्या मिक्सरची मोटर बांधली. ती थरथरून सांगणार होती.

पहिल्या दिवशी सकाळी नऊ ते बारा दिवा अखंड लागत विझत राहिला. स्टूल थरथरत होतं, त्यावर दुर्गेश्वरी थरथरत होती, आणि शिवण नागमोडी जात होती. दर वेळी ती मशीन थांबवून मागे पाही. मागे कोंबडी असे. पोत्याला दाण्याचा वास होता आणि मोहल्ल्यातल्या तमाम कोंबड्यांना तो पटला होता. संध्याकाळी तिने आपली वही सासऱ्यांपुढे धरली. बोलायचं काही असलं की ती वहीत लिही. वहीत लिहिलं होतं, "आज कोंबड्या एकोणचाळीस. माणसं शून्य."

"माणसं शून्य कशी?" ईश्वरदास चक्रावले. नऊ बायका येऊन गेलेल्या त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर बसून पहारा देऊ लागले. पुष्पाबाई आल्या, त्यांचा राग एव्हाना ओसरला होता. त्यांनी फाटक ढकललं, दारात चप्पल काढली, खाली पाहिलं, लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं आणि पोत्यावरून टणकन उडी मारून आत आल्या. मागून आलेल्या दुसऱ्या बाईनेही तेच केलं. तिसरी जरा वयस्कर होती, तिने चौकट धरून लांब ढांग टाकली.

"पोत्यावर पाय काऊन नाही देत तुमी?" ईश्वरदास जवळजवळ किंचाळले.

"बापा! एवढं साजरं नवं पोतं, अन् माहे पाय चिखलाचे," पुष्पाबाई म्हणाल्या. "वच्छलाबाईनं काल धुवून टाकलं वाटते. कोन खराब करन?"

ईश्वरदास डब्यावर बसून राहिले. गावाच्या या चांगुलपणापुढे कुठलीच यंत्रणा टिकणार नाही, असं त्यांना प्रथमच वाटलं.

पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मोटर काढून टाकली. पोतं चिखलात लोळवून जुनं दिसेल असं केलं. कोंबड्यांसाठी विटांचा आडोसा केला. पत्र्यांमध्ये जाड फोम घातला, म्हणजे कोंबडीच्या वजनाला तो दाद देणार नाही. आणि मग चाचण्या सुरू झाल्या. ईश्वरदास सांदवाडीत जाऊन पोत्यावर पाय देत, धावत आत जात आणि दुर्गेश्वरीच्या खांद्याला हात लावून खुणेने विचारत, लागला का? ती दचके, मग मान हलवे. ते परत बाहेर जात, पाऊल जरा तिरकं टाकून पाहत, पुन्हा आत येऊन खांद्याला हात लावत. एका दुपारी अशा चौदा चाचण्या झाल्या आणि चौदाही फाइलमध्ये नोंदवल्या गेल्या. वच्छलाबाई तांदूळ निवडता निवडता हे पाहत होत्या. त्या स्वतः सुनेकडे जायच्या तेव्हा भिंतीच्या कडेने जाऊन खिडकीजवळ उभ्या राहायच्या आणि तिने वर पाहीपर्यंत थांबायच्या.

"अवो, पोरगीले काम करू द्या ना," त्या म्हणाल्या.

"तिच्याच कामासाठी करून राहिलो," ईश्वरदास म्हणाले.

शुक्रवारी ते घडलं ज्यासाठी ही सगळी फाइल होती. पुष्पाबाईंनी फाटक ढकललं, चिखलाने भरलेलं पोतं पाहिलं आणि त्यावर दोन्ही पाय देऊन उभ्या राहिल्या. आत लाल दिवा लागला. दुर्गेश्वरीने मशीन थांबवलं, शांतपणे वळून पाहिलं आणि हसून पुष्पाबाईंना बसायची खूण केली. कुणी ओरडलं नाही, कुणी थाप मारली नाही. पुष्पाबाईंनी ब्लाउजचं पिवळं कापड दिलं, माप दिलं आणि चहा प्यायला वच्छलाबाईंकडे स्वयंपाकघरात गेल्या. दुर्गेश्वरी पुन्हा खिडकीकडे वळली आणि मशीन सुरू झालं.

आपल्या बैठकीतल्या खाटेवरून ईश्वरदासांनी हे सगळं पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. डोळे सुद्धा भरले, खोटं कशाला सांगा. छत्तीस वर्षांत त्यांच्या सहीने एकही कालवा वेळेवर पूर्ण झाला नव्हता, आणि आज हा प्रकल्प झाला. ते ताडकन उठले, चार ढांगांत मागून तिच्याजवळ गेले आणि तिच्या खांद्यावर जोरात थाप मारली.

"पाह्यलं का!"

सुई पट्टीतून गेली. दुर्गेश्वरीच्या तोंडातून जो आवाज निघाला तो तिला स्वतःला ऐकू आला नाही, पण स्वयंपाकघरात पुष्पाबाईंच्या हातून कप पडला.

पिवळ्या कापडावर रक्ताचे तीन थेंब होते. वच्छलाबाईंनी हळद आणली, पुष्पाबाईंनी डॉक्टरला फोन लावला, आणि ईश्वरदास मध्येच उभे होते. त्यांचा हात अजून हवेत होता. तो कुठे ठेवावा, हे त्यांना समजेना. बटन नव्हतं, कोंबडी नव्हती, चिखलाचे पाय नव्हते. त्या रात्री त्यांनी फाइल उघडली. "अपघाताचे कारण" असं लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडून फाइल मिटली. आपल्याला स्वतःचीच लाज वाटते आहे, हे कोणत्या रकान्यात लिहितात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळच्या गाडीने हेमेंद्र आला. त्याआधी दोन दिवस दुर्गेश्वरीने एका हाताने काहीतरी खटपट केली होती. तिने पोत्याखालचा पत्रा काढला. मागच्या फाटकाला जाड दोरा बांधला, तो लुगडी वाळायच्या तारेवरून, खिडकीच्या गजातून आत घेतला, आणि त्याच्या टोकाला मशीनच्या सुईसमोरच लाल चिंधी लटकवली. फाटक उघडलं की चिंधी नाकासमोर नाचे. त्यासाठी कुणाला काही दाबायचं नव्हतं, कशावर पाय द्यायचा नव्हता. फाटक तर सगळ्यांना उघडावंच लागतं. कोंबड्या फाटकाखालून येतात.

हेमेंद्रने चार वेळा फाटक उघडून पाहिलं, मग येऊन बायकोसमोर बसला. दोघं बोलू लागले. हात भराभर चालत होते. ईश्वरदास दोघांच्या मध्ये खाटेवर बसले होते आणि एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होते. दुर्गेश्वरीने बोट दाखवलं. हेमेंद्रने कपाळावर हात मारला. तिने काहीतरी मोठं, गोल दाखवलं. दोघांनी एकदमच ईश्वरदासांकडे पाहिलं. मग ती हसली, तोही हसला.

"का म्हनते?" ईश्वरदासांनी विचारलं.

"काही नाही," हेमेंद्र हात न थांबवता म्हणाला. "सांगतो मंग."

हात चालतच राहिले. आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर, आपल्याबद्दल चाललेलं बोलणं, आणि त्यातलं एक अक्षर कळत नाही. ईश्वरदासांना एक आठवलं. घरात पाहुणे आले, सगळे खदखदून हसले आणि दुर्गेश्वरीने काय झालं म्हणून पाहिलं की ते स्वतः तिला हाताने हेच सांगायचे, थांब, मग सांगतो. ती लग्न होऊन आल्यापासूनच्या सव्वा वर्षात ते 'मग' एकदाही आलं नव्हतं.

"माह्या हातानं झालं ते," ते मोठ्याने म्हणाले. "पुष्पाबाईचं काही नाही. मीच थाप मारली."

हेमेंद्रचे हात थांबले. "मले मालूम हाय, बाबा. तिनं शुक्रवारीच मेसेज केला."

"मंग आता? मशीन इकतो?"

"मशीन कायले इकू? दोरीनं गावाचं त भागलं. घरातल्या मानसाले फाटक लागत नाही, तोच एक वांधा हाय." त्याने बापाकडे नीट पाहिलं. "तुमालेच घेऊन जातो बिरसीले."

"घेऊन जा," वच्छलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, जरा जास्तच लवकर.

ईश्वरदासांना हे थट्टेत आहे की खरं, हे समजलं नाही. त्यांनी दुर्गेश्वरीकडे पाहिलं. तिने ओठांवरून सगळं टिपलं होतं. तिने वही ओढली, डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलं आणि पान फाडून त्यांच्या हातात दिलं. "मशीन इथेच राहील. मामाजी पण इथेच राहतील. फक्त माझ्याकडे समोरून येतील."

तेव्हापासून अर्जुनी मोरगावात समोरच्या दरवाजाने रोज आत येणारा एकच माणूस आहे. ईश्वरदासांना सुनेला काही विचारायचं असलं, चष्मा कुठे आहे किंवा चहा होणार का, तर ते सांदवाडीतून बाहेर पडतात, लीलाधर गुरुजींच्या घराला वळसा घालून रस्त्यावर येतात, आपल्याच घराच्या दरवाजातून आत शिरतात आणि मशीनसमोर, खिडकीजवळ उभे राहतात. तिने वर पाहीपर्यंत थांबतात.

पहिल्या दिवशी त्यांना काहीच विचारायचं नव्हतं. हेमेंद्र परतीच्या गाडीला निघण्याआधी त्यांनी त्याच्याकडून एक खूण शिकून घेतली होती, नवराबायकोची आपसातली, माफीची. डाव्या हाताने उजवा कान धरायचा आणि दुसरा तळवा छातीवर ठेवायचा. ते समोर जाऊन उभे राहिले. दुर्गेश्वरीने मशीन थांबवून वर पाहिलं. मुख्य लिपिक ईश्वरदास कापगते यांनी कान धरला. खिडकीबाहेर रस्त्यावरून पुष्पाबाई भाजी घेऊन चालल्या होत्या, त्या जागीच उभ्या राहिल्या. ईश्वरदासांनी कान सोडला नाही.

दुर्गेश्वरी कपाळाला आठ्या घालून त्यांचे हात पाहत राहिली. मग ती उठली, पट्टी बांधलेल्या बोटाने तिने त्यांचा छातीवरचा तळवा जरा वर सरकवला, अंगठा आत घेतला आणि पुन्हा करा, अशी मान हलवली. त्यांनी पुन्हा केलं. तिने नकार दिला. त्यांनी तिसऱ्यांदा केलं. मग तिने होकाराची मान हलवली, स्टुलावर बसली आणि पुष्पाबाईंचं पिवळं कापड सुईखाली घेतलं.